रोलरवरून समुद्रापर्यंत

माझ्या काकांना सगळे 'सावकाश' म्हणत. त्यांच्या रोड रोलरच्या मागे पत्र्याची एक पाटी लटकत असे, पिवळ्यावर काळ्या अक्षरांत 'सावकाश'. दिवसभर ती पाटी डोळ्यांसमोर घेऊन मागून चालणाऱ्या खडीवाल्या बायकांनीच आधी हे नाव उचललं. मग मुकादमाने, मग साहेब लोकांनी. "अहो सावकाश, जरा इकडे या," अशी हाक आली की काका जायचे, तेही नावाला जागूनच.

तरुणपणी मात्र हा माणूस वाऱ्यावर स्वार होता, असं माझे वडील सांगतात. वडील म्हणजे काकांचे धाकटे भाऊ. आमची दोन घरं एकाच भिंतीला टेकलेली. काकांना ट्रक चालवायचा होता. महामार्गाचं काम निघालं तेव्हा ते ट्रकची नोकरी मागायला गेले. तिथला साहेब म्हणाला, "ट्रकला माणसं भरली. रोलरला कुणी नाही. बसतोस?" काका बसले. पहिल्याच दिवशी शेतातून आलेली बदकांची एक रांग त्यांना मागे टाकून पुढे निघून गेली. शेवटच्या पिल्लाने म्हणे मान वळवून पाहिलंसुद्धा. त्या संध्याकाळी काका नोकरी सोडायच्या बेताने खाली उतरले आणि सहज मागे वळले. सकाळी जिथे नुसते दगड होते तिथे रस्ता होता. "बघ," ते वडिलांना म्हणाले होते, "ट्रकवाला रस्त्यावरून जातो. मी गेलो की मागे रस्ता होतो."

मग काय, जन्म त्यातच गेला. महामार्ग आमच्या डोंगरातल्या खाणीच्या गावातून निघतो आणि पार समुद्राकाठच्या बंदरात संपतो. तो सलग कधी बांधलाच नाही. आज इथला तुकडा, पुढच्या वर्षी तिथला, मग पूल, मग घाट, मग परत मागे दुरुस्ती. रोलर ट्रेलरवर चढवायचा, माणसं ट्रकच्या मागे गुंडाळून झोपवायची, आणि जाग येईल तिथे कामाला लावायची. काकांनी या रस्त्याचे तुकडे आपल्या हाताने दाबले होते, पण अख्खा रस्ता उघड्या डोळ्यांनी पाहिला नव्हता.

काकूने तर ते तुकडेही नव्हते पाहिले. काकू शिवणकाम करते. पुढच्या खोलीत मशीन, खिडकीवर पाटी, आणि जिभेला सुईपेक्षा धार. तिचं सगळंच झपाट्याचं. चहा उकळायच्या आत तिची दोन कामं उरकलेली असतात. काका सुट्टीला घरी आले की रस्त्याच्या गोष्टी सांगायचे आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "तुला एकदा नेईन दाखवायला."

"तुमच्या रोलरवरून?" काकू म्हणायची. "पोचेपर्यंत केस पांढरे होतील माझे."

केस पांढरे झाले, काका निवृत्त झाले आणि कायमचे घरी आले. तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. संसार एवढ्या वर्षांचा, पण सुट्ट्या-सुट्ट्यांचा. रोज सकाळ-संध्याकाळ एकमेकांसमोर बसायची दोघांनाही सवय नव्हती. काका जेवायला बसले की काकूची भांडी घासून व्हायची, तरी त्यांचा शेवटचा घास बाकी. त्यात ते पुढच्या खोलीत खुर्ची टाकून बसू लागले आणि गिऱ्हाइकांना सल्ले देऊ लागले. एकदा एका बाईंना म्हणाले, "या कापडाच्या कोटात तुम्ही जरा रुंद दिसाल." बाई कापड उचलून चालत्या झाल्या.

काकूने कात्री टेबलावर ठेवली. "अहो, आयुष्यभर रस्ता दाबलात ना? आता माझा धंदा दाबू नका!"

भिंतीपलीकडे आम्ही सगळे चिडीचूप बसून ऐकत होतो. दुसऱ्या दिवसापासून काका अंगणात बसू लागले, आणि ते बघवेना.

अशात महामार्ग कार्यालयाच्या नव्या इंजिनीयरबाई काकांना भेटायला आल्या. काकांचा जुना रोलर आमच्या गावातल्या कार्यालयाच्या आवारात गंजत पडला होता. तो रंगवून बंदरातल्या मुख्य कार्यालयासमोर चौथऱ्यावर ठेवायचं ठरलं होतं. "ट्रेलर मिळेल तेव्हा मिळेल," बाई म्हणाल्या. "तोवर इंजिन चालू होतंय का, तेवढं बघाल का?"

काका आवारात गेले. तीन दिवस हात काळे करून त्यांनी इंजिन सुरू केलं आणि बाईंना निरोप पाठवला, "ट्रेलर कशाला? मी चालवत नेतो."

बाई आधी हसल्या, मग विचारात पडल्या, मग वरिष्ठांशी बोलून परवानगी घेऊन आल्या. अटी घातल्या: फक्त दिवसा, फक्त रस्त्याच्या कडेने, आणि लाल झेंडा घेऊन सोबत एक माणूस पाहिजेच.

"तो माणूस मी बघतो," काका घरी येऊन म्हणाले.

"बघू नका," काकू आतून म्हणाली. "मी येते."

"तू? अगं, दुकान?"

"दुकान कुठे पळून जात नाही. तुम्ही दुसऱ्या कुणाला न्याल आणि जन्मभर मला दाखवायचा म्हणत होतात तो रस्ता त्याला दाखवाल. ते चालायचं नाही."

काकांनी चालकाच्या शेजारी फळीचं बाक ठोकलं. काकूने त्यावर कापसाची जाड गादी शिवली, दांड्याला मोठी छत्री बांधली, आणि हाताने फिरवायचं जुनं शिवणयंत्र पायाशी ठेवलं. "हे कशाला?" काकांनी विचारलं. "नुसतं बसून मला वेड लागेल," काकू म्हणाली. गावाने रोलरला निरोप दिला. निरोप फार लांबला, कारण बराच वेळ रोलर दिसतच राहिला. वेशीपर्यंत हात हलवून हलवून आमचे खांदे भरून आले. शेवटी माझी आई म्हणाली, "मी आता कुकर लावते. अजून दिसत असले तर सांगा."

पहिल्या दिवशी काकूचा जीव मेटाकुटीला आला. तेच झाड समोर, तेच झाड शेजारी, तेच झाड मागे. "अहो, याला अजून एक गिअर नाही का?" ती विचारायची. पण सूर्यफुलांची शेतं लागली आणि तिला या वाहनाची खरी गंमत कळली. रोलर माणसाच्या चालीने चालतो. म्हणजे रस्त्याने चालणाऱ्या कुणाशीही पूर्ण गप्पा होतात. शेतावरून घरी निघालेली एक बाई रोलरच्या बरोबरीने चालू लागली आणि आपल्या जावेची गोष्ट सांगू लागली. जावेने म्हणे सासूच्या कपाटाची किल्ली लपवली होती. आपल्या घराकडे वळायचा फाटा आला तरी किल्ली सापडली नव्हती. बाई वळली नाही. पुढचा फाटा आला, तोही गेला. काका शेवटी म्हणाले, "बाई, अंधार पडेल. घरी काळजी करतील."

"तुम्ही जरा थांबवा ना हो ते," काकू म्हणाली. "ऐन रंगात आलंय."

काकांनी इंजिन बंद केलं. किल्ली पिठाच्या डब्यात निघाली. लपवली होती सासूनेच, सुनेवर आळ यावा म्हणून. काकू आणि ती बाई रस्त्याच्या कडेला पोट धरून हसल्या आणि बाई त्या दोघांना रात्रीच्या मुक्कामाला आपल्याच घरी घेऊन गेली. काकू सांगते, जाऊ आणि सासू दोघी घरात होत्या, आणि दोघीही अगदी गोड स्वभावाच्या वाटल्या. "एकाच बाजूने ऐकू नये माणसाने," ती म्हणते, "पण ऐकायला मजा येते."

टोलनाक्यावर रोलर पुढे गेला, आडवा दांडा नेहमीच्या हिशोबाने खाली आला, आणि काकूच्या छत्रीतून आरपार गेला. नाक्यावरचा कारकून धावत आला, माफी मागू लागला. काकूचं लक्ष त्याच्या बाहीकडे. "बटण कुठंय?" तिने दटावलं. तो ओशाळला. काकूने आधी छत्री शिवली, मग त्याचं बटण लावलं, आणि ते पाहून मागचे ट्रकवाले एकेक करून खाली उतरले. कुणाची सीट फाटलेली, कुणाची ताडपत्री, कुणाच्या पँटची शिवण अशा जागी गेलेली की तो गाडीतून उतरायलाच तयार नव्हता. त्याने पँट खिडकीतून बाहेर दिली. तिथून पुढे काकूची कीर्ती रोलरच्या पुढे धावू लागली. ट्रकवाले समोरच्या ट्रकवाल्यांना सांगायचे, आणि पुढच्या ढाब्यावर लोक फाटके कपडे घेऊन वाट बघत उभे असायचे.

सगळीकडेच असं स्वागत झालं नाही. एका गावाबाहेर काकांनीच पूर्वी बायपास दाबला होता. पाणी भरायला ते गावात गेले. चौकात चहाचं एक दुकान होतं, बाकं रिकामी. म्हाताऱ्या मालकाने काकांकडे निरखून पाहिलं आणि ओळखलं.

"रोलरवाला ना तू? इथेच चहा प्यायचास, आणि इथून उठून माझ्या पोटावर रोलर फिरवायला जायचास."

"काम होतं माझं," काका म्हणाले.

"काम झालं ना? मग जा. चहा संपलाय." पातेलं समोर उकळत होतं.

काका परत आले आणि रोलरच्या चाकापाशी बसले. काकूला त्यांनी जे झालं ते सांगितलं. काकू म्हणाली, "तो खोटं बोलला का?"

"नाही."

"मग तोंड पाडून काय बसलात? आपल्याला कुठे बायपासने जायची घाई आहे?"

सकाळी काकांनी रोलर बायपास सोडून गावात घातला. जुन्या मुख्य रस्त्याने, घरांच्या मधून, धडधड धडधड. खिडक्या थरथरल्या, माणसं बाहेर आली, शाळा सुटल्यासारखी गर्दी झाली. चौकात येऊन काकांनी इंजिन बंद केलं आणि खाली उतरून त्याच बाकावर बसले. गर्दीही बसली. म्हाताऱ्याची तारांबळ उडाली. दूध संपलं, पुन्हा आणलं, पुन्हा संपलं. शेवटी तो दोन कप घेऊन काका-काकूंपुढे आला.

"आज एक दिवस झाला," तो गुरगुरला. "उद्या काय?"

"उद्याचं मला माहीत नाही," काका म्हणाले. "चहा मात्र तसाच आहे तुझा. गोड फार."

म्हाताऱ्याला हसू आलं, पण ते त्याने मिशीतच ठेवलं.

मग घाट लागला. चढाला रोलर इतका हळू झाला की काकू उतरून पायी चालू लागली आणि पुढे जाऊन दगडावर बसून वाट पाहू लागली. एका वळणाच्या अलीकडे काका एकदम उत्साहाने म्हणाले, "आता बघ हं. इथे एक खळगा आहे. माझा."

"तुमचा म्हणजे?"

"गरम डांबरावर रोलर उभा करायचा नसतो. उभा राहिला की रुततो. मी कधी केला नाही. एकदाच केला, इथे. पाण्याचा टँकरवाला खालून ओरडत आला, 'सावकाश, तुला मुलगी झाली!' माझे हातपायच चालेनात. मी तसाच बसून राहिलो. मुकादमाने आईमाईचा उद्धार केला. पण खळगा पडला तो पडला."

काकू चालता चालता थांबली. मुलगी झाली तेव्हा नवरा जवळ नव्हता, हे तिने आयुष्यात अनेकदा ऐकवलं होतं. काकांनी दर वेळी मान खाली घालून ऐकून घेतलं होतं. टँकरवाल्याचं, मुकादमाचं, खळग्याचं त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं.

"का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? रस्ता बिघडवला म्हणून?"

वळण आलं. काकांनी वाकून पाहिलं, मागे पाहिलं, खाली उतरून तळहाताने चाचपलं. रस्त्यावर नवं डांबर पडलेलं. रस्ता तळहातासारखा गुळगुळीत. खळगा गेला होता.

काकांचा चेहरा पडला तशी काकू पुढे आली. ती त्यांच्या शेजारी रस्त्याच्या कठड्यावर बसली. बराच वेळ दोघं तिथे बसून राहिले, खालून येणाऱ्या गाड्या वळण घेऊन बिनधक्क्याच्या निघून जाताना बघत. मग काकू म्हणाली, "किती वेळ थांबला होतात?"

"कोण जाणे. डांबर थंड होईपर्यंत असेन."

"मग पुष्कळ वेळ," काकू म्हणाली, आणि उठून रोलरवर जाऊन बसली. घाट उतरेपर्यंत तिने शिवणयंत्राला हात लावला नाही. उतारावर सपाट तुकडा लागला तेव्हा म्हणाली, "सरका. मला शिकवा." तिने चाक हातात घेतलं आणि रोलर सरळ चालवला. सुईखाली कापड सरळ धरणारीला त्यात काय अवघड!

शहर जवळ येत होतं. शेतं संपून गोदामं आली, गोदामांमागे कारखाने, मग कारखान्यांच्या अंगावर उगवलेल्या इमारती. त्यांची मुलगी इथेच राहते, बँकेत काम करते. तिचा फोन आला. "बाबा, तुम्ही बाहेरच थांबा, मी गाडी घेऊन येते. इथे ट्रॅफिक आहे हो! आणि आमच्या सोसायटीत…" पुढचं ती बोलली नाही. काकांना कळलं. "बरं," ते म्हणाले. पण बाहेर थांबायचं कुठे? उड्डाणपुलावर रोलरला बंदी, खालचा रस्ता मुलीच्या इमारतीसमोरूनच जाणारा.

चौकात हिरवा दिवा लागला, काका निघाले, आणि मध्यावर पोचेपर्यंत लाल झाला. चारी बाजूंनी भोंगे. वाहतूक पोलीस धावत आला.

"काका, जरा लवकर!"

"हे लवकरच आहे," काका नम्रपणे म्हणाले.

काकू झेंडा घेऊन खाली उतरली. तिने डावीकडच्यांना झेंड्याने थोपवलं, उजवीकडच्यांना डोळ्यांनी, आणि एका मोटारवाल्याला म्हणाली, "भोंगा वाजवून हे पळणार आहे का? तेवढ्यात खिडकीची काच पुसा, किती मळलीय!" पोलीस बाजूला उभा राहून शिट्टी वाजवायची विसरला.

वरच्या गॅलरीतून हे सगळं पाहत होत्या विहीणबाई, म्हणजे मुलीच्या सासूबाई. फार शिस्तीच्या बाई. लग्नात त्या काकांशी मोजून चार वाक्यं बोलल्या होत्या. त्या खाली आल्या, मागे घाबरलेली मुलगी. विहीणबाईंनी रोलरकडे आपादमस्तक पाहिलं.

"हा रस्ता तुम्ही केलात?"

"तुकडे केले," काका म्हणाले.

"यावर तिसरं माणूस बसतं का?"

मुलीने डोळे मिटून घेतले. काकूने हात दिला आणि विहीणबाई वर चढल्या. पर्स मांडीवर, पाठ ताठ. भाजीबाजारापर्यंत नेऊन सोडा म्हणाल्या होत्या. भाजीबाजार आला, गेला, त्या उतरल्या नाहीत. ओळखीचं कुणी दिसलं की त्या मान किंचित झुकवायच्या, मोटारीतून जाणाऱ्या मंत्र्यासारखी. मुलगी बराच वेळ फुटपाथवरून अंतर ठेवून चालत होती. मग कधीतरी ती रोलरच्या कडेला आली आणि काकांच्या बाजूने चालू लागली. काकूने तिला तिथेच, चालता चालता, घाटातल्या खळग्याची गोष्ट सांगितली. मुलीने बँकेत फोन करून रजा टाकली आणि बंदरापर्यंत सोबत आली.

समुद्र आधी वासाने कळला, मग दिसला. इंजिनीयरबाई चौथऱ्यापाशी उभ्या होत्या. चौथऱ्याला उतार केलेला होता. काकांनी चाक काकूकडे दिलं. "तू चढव."

"मी? आणि पडला तर?"

"पडला तर इथेच राहायचाय त्याला."

काकूने एका दमात चढवला. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. फोटोत काकू चाकामागे आहे, विहीणबाई मध्यभागी आहेत, आणि काकांचा फक्त अर्धा कान आलाय.

परतीची बस भरधाव होती. काकू खिडकीशी बसून चिडचिड करत होती, कारण रस्त्यावरच्या कुणाचा चेहराच ओळखू येईना. घरी आल्यावर तिने काकांना खुर्ची पुन्हा पुढच्या खोलीत मांडायला लावली, पण काका फार बसले नाहीत. रस्त्यावरून कामं येऊ लागली होती. ट्रकवाले जाता येता ताडपत्र्या टाकून जायचे, सीटची कव्हरं सांगायचे. काकू शिवायची आणि काका गठ्ठे घेऊन बसने पोचवायला जायचे, कधी सूर्यफुलांच्या गावापर्यंत, कधी थेट शहरापर्यंत. मुलीकडे मुक्काम, विहीणबाईंशी पत्ते, आणि परत. बायपासच्या गावात ते हटकून उतरतात. म्हातारा अजून गुरगुरतो, पण चहा संपलाय असं म्हणत नाही.

गेल्या महिन्यात गठ्ठ्यांची अदलाबदल झाली. ट्रकवाल्याच्या सीटकव्हराऐवजी काकांनी आमच्या शेजारणीचे पडदे पोचते केले, मोठ्या गुलाबी फुलांचे, झालर लावलेले. काकूला कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "आता तो मला शिव्या घालणार!" ट्रकवाल्याचा फोन आला खरा. त्याने पडदे केबिनला लावले होते. त्याच्या बायकोला आवडले होते, आणि मागच्या दोन गाड्यांनाही तसेच हवे होते.

सध्या काकू दिवसभर गुलाबी फुलंच शिवते आहे. शेजारीण अजून पडद्यांची वाट बघतेय. तिला कोण सांगणार, यावरून काका-काकूंचं सकाळपासून भांडण चाललंय, आणि भिंतीपलीकडे आम्ही चहा घेऊन ऐकत बसलोय.